माथ्यावर चर, पायथ्याला विहिरी : तीन वर्षांची कामाची वही

बालाघाटच्या रांगेत, पाटोदा तालुक्यातल्या एका गावात आम्ही २०१९ ते २०२१ अशी तीन वर्षं पाणलोटाचं काम केलं. त्याच्या या नोंदी. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे भांडणं आहेत आणि ती अजून पुरती मिटलेली नाहीत. मी मृदाशास्त्रज्ञ आहे. पंधरा वर्षं प्रयोगशाळेत माती चाळली, पण डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एका पातळीत राहणारे, पाणी अडवून मुरवणारे खंदक, आखायची ही पहिलीच वेळ होती. कुणाला आपल्या गावात असं काम काढायचं असेल तर आमच्या चुकांचे पैसे त्यांनी पुन्हा भरू नयेत, म्हणून वही जशी होती तशीच मांडते आहे. आकडे आमच्या गावचे आहेत, तुमच्याकडे वेगळे येतील.

११ जानेवारी २०१९

पहिली शिवारफेरी. ऑक्टोबरात सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आम्हीही आहोत. गावात टँकर एक दिवसाआड. नऊ विहिरी मोजल्या, सात कोरड्या. उरलेल्या दोनांपैकी एकीत पाणी ११.२ मीटरवर.

मी एक सुंदर वेळापत्रक करून नेलं होतं : जानेवारीत आखणी, फेब्रुवारी-मार्चमध्ये श्रमदान, एप्रिलमध्ये झाडांचे खड्डे. गावात शिरल्यावर दिसलं की दर दुसऱ्या दाराला कुलूप. दसरा झाला की कोयता, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, कारखान्यावर जातो तो पाडव्याच्या आसपास परततो, हे मला वाचून माहीत होतं, पण वेळापत्रक करताना आठवलं नाही. गावात आहेत म्हातारी माणसं, शाळेतली पोरं आणि शेळ्या. एका आजोबांनी माझा तक्ता हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "खांदायचं कुणी? मी का?"

तीन महिने गेले तक्त्यातून. ऊसतोडीच्या पट्ट्यात काम काढणाऱ्यांनी आधी हे बघावं : माणसं गावात कधी असतात.

२४ जानेवारी

मातीचे खड्डे. माथ्यावर १८ सेंटिमीटरला मुरूम लागतो, मधल्या टप्प्यात ३० ते ४०, ओढ्याकाठी मीटरभर काळी. सेंद्रिय कर्ब माथ्यावर ०.२६ टक्के, म्हणजे जवळजवळ नाहीच.

पाणी किती वेगाने मुरतं हे मोजायला दोन लोखंडी कडी वापरतात, आतलं ३० सेंटिमीटर व्यासाचं, बाहेरचं ६०. दोन्ही जमिनीत ठोकायची, पाणी भरायचं आणि आतल्या कड्यातली पातळी घड्याळ लावून बघत बसायचं. एका चाचणीला साठेक लिटर पाणी लागलं. ते मी गावातूनच मागितलं. चार घागरी आल्या. कडी भरत असताना धनगरवस्तीवरची एक मावशी, डोक्यावर रिकामी घागर, बांधावर उभी राहून बघत होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "टँकरच्या रांगेत मी सकाळपासून उभी हाय, आन् तुमी ते पाणी मातीला पाजताय."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या चाचण्यांसाठी पाणी मी बीडहून जीपमध्ये कॅन भरून आणलं. त्यामुळे नऊऐवजी तीनच चाचण्या झाल्या आणि माझा पायाचा आकडा कच्चा राहिला. तिन्ही मिळून सरासरी : तासाला ८ मिलिमीटर.

९ फेब्रुवारी

समपातळीत रेघ आखायला ए-फ्रेम बनवली. सात-सात फुटी दोन बांबू, आडवी काठी, वरच्या टोकाला दोरीने टांगलेला दगड. खर्च ११० रुपये. दोन पायांतलं अंतर दोन मीटर. खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या काठीला कुठे लागते ती खूण केली, पाय अदलाबदल करून दुसरी खूण केली, दोन्हींच्या मध्यावर खिळा मारला. दोरी खिळ्यावर आली की दोन्ही पाय समपातळीत. हे पोरांनी अर्ध्या तासात उचललं. सातवीतली एक मुलगी माझ्यापेक्षा जलद आखते.

३ मार्च

फक्कीने ४,२०० मीटर आखणी पुरी. चर ६० सेंटिमीटर रुंद, ३० खोल ठेवायचे. एका मीटरमध्ये १८० लिटर पाणी मावतं, सगळे चर एकदा भरले तर साडेसात लाख लिटर. रोजगार हमीतून कामाची मंजुरी ८ तारखेला हातात पडली आणि १० तारखेला लोकसभेची आचारसंहिता लागली. दोन दिवसांनी वाचलो. (ही दोन वाक्यं नंतर भरली आहेत, आनंदात तारीख टाकायची राहिली.)

१५ एप्रिल

कोयता परतला. उचलीचा, म्हणजे मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशांचा, हिशोब काही घरांत अजून बाकी आहे, त्यामुळे लोकांना रोख मजुरी हवी, श्रमदान नको. बरोबरच आहे. सहा महिने पहाटे तीनला उठून ऊस तोडलेल्या माणसाला मी कुठल्या तोंडाने फुकट खांदायला सांगू?

मजुरी दिवसाला २०६ रुपये. मुरमात एक माणूस दिवसाकाठी साधारण एक घनमीटर, म्हणजे साडेपाच मीटर चर काढतो. माथ्याकडे पाषाण उघडा आहे, तिथे दोन मीटरही होत नाहीत. तिथला हट्ट सोडून दगडी बांध घातले.

चर खांदताना दर दहा मीटरवर हातभर माती आडवी सोडायची असते. मुकादम म्हणाला, "मॅडम, सलग म्हणलं ना? मग मधी आडवं कशाला?" खांदायलाही सलगच सोपं जातं, आणि दिसायलाही ते छान दिसत होतं. मी मान डोलावली. दोन-अडीच महिन्यांत ते फार महाग पडणार होतं.

१२ मे

पाझर तलावाचा गाळ. तलाव ७२ च्या दुष्काळी कामातला, त्यावर खडी फोडलेल्या दोन आजी अजून गावात आहेत. आता तळ पूर्ण उघडा आहे. जेसीबीचं डिझेल लोकवर्गणीतून, ट्रॅक्टरचं भाडं ज्याचं त्याने भरायचं, खेपेला ३५० रुपये. अकरा शेतकऱ्यांनी मिळून ६४० ट्रॉल्या नेल्या. एका ट्रॉलीत एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, बसतो. एकरी ६० ट्रॉल्या टाकल्या तर दीड-पावणेदोन इंचाचा थर होतो.

मातीचा नमुना मी तपासला होता. सामू (पीएच) ८.१, क्षार कमी, हरकत नाही असं लिहून दिलं. नमुना एकच होता आणि तो काठावरून घेतलेला होता, कारण त्या दिवशी मधल्या भागात अजून चिखल होता आणि माझे बूट नवे होते. हे वाक्य लिहायला मला दोन वर्षं लागली.

२६ जून

मान्सून कोकणात २० तारखेला टेकला, इतका उशीर अलीकडे आठवत नाही. काल संध्याकाळी गावात पहिला पाऊस. शाळेच्या छतावरच्या पर्जन्यमापकात ३८ मिलिमीटर, आणि पन्नास मिनिटांत. माझ्या आठ मिलिमीटरवाल्या जमिनीवर.

सकाळी सहाला वर गेलो. वरचे चर भरलेले, काठोकाठ, आभाळ दिसत होतं त्यात. पोरं नाचली. मधल्या टप्प्यात गेलो तर चर कोरडे. कोरडे म्हणजे पूर्वेकडचं टोक कोरडं. पश्चिमेकडच्या टोकाला चराचा काठ फुटून खाली घळ पडलेली, पुरुषभर रुंद, आणि खालच्या ओळीवर पाणी आदळून तीही फुटलेली. एकाखाली एक पाच ओळी गेल्या. घळीच्या तोंडाशी एका अण्णांची नुकतीच पेरलेली बाजरी होती. तिच्यावर आता वीतभर मुरूम आहे.

अण्णा काही बोलले नाहीत. मुरूम हातात घेतला आणि परत टाकला.

२९ जून

तीन दिवस पाण्याची नळी घेऊन प्रत्येक चराची पातळी तपासली. ११०० मीटरची आखणी चुकलेली, शंभर मीटरला जवळजवळ एक मीटर उतार. चर कसला, कालवाच तो.

कारण सापडलं ते असं. बांबू ओला होता. फेब्रुवारीच्या उन्हात वाळला, बंधनं सैल पडली, आडवी काठी बोटभर सरकली. एक मीटर लांब दोरीला एक सेंटिमीटर फरक पडला तर दोन मीटरच्या पावलाला दोन सेंटिमीटर उतार येतो, आणि शंभर मीटरमध्ये अशी पन्नास पावलं. पण खरी चूक वेगळी आहे. ए-फ्रेम कंपाससारखी फिरवत न्यायची असते, एका पायावर गिरकी, मग दुसऱ्या पायावर. तशी नेली की एका पावलाची चूक पुढच्या पावलात फिटते. आमची पोरं दोघं दोन बाजूंना धरून ती पालखीसारखी सरळ पुढे नेत होती, दर वेळी तोच पाय पुढे. चूक साचत गेली. सातवीतल्या मुलीची ओळ तेवढी बिनचूक निघाली, कारण ती एकटी होती आणि एकटीला गिरकी घेतल्याशिवाय ती नेताच येत नव्हती.

आता नियम : रोज सकाळी खुंट्यांवर पाय अदलाबदल करून खूण तपासायची, आडवी काठी तारेने आवळायची, आणि गिरकी.

१८ जुलै

दुरुस्ती. चर बुजवून नवे काढणं परवडणारं नव्हतं. त्याऐवजी चुकलेल्या ओळींत दर पाच मीटरवर दगड रचून, माती चोपून आडवे अडसर घातले. एका लांब उतरत्या चराचे छोटे छोटे डबे झाले. एप्रिलमध्ये माती सोडली असती तर फुकट झालं असतं. आता ९६ दिवसांची मजुरी, दिवसाला २५० रुपये, २४,००० गेले. ही रक्कम हमीच्या हजेरीपटात बसत नाही, म्हणून मी आणि सरपंचांनी निम्मी-निम्मी भरली. अण्णांची बाजरी पुन्हा पेरून दिली, बियाणं आणि तिफण मिळून १,८००.

६ ऑगस्ट

गाळाचं शेत. सव्वा एकरवाल्या काकूंचा फोन : "जरा येऊन बघा." आवाजावरूनच कळलं.

बाजरी उगवलीच नव्हती. वर चकचकीत पापडी धरलेली, पाय दिला की ताटलीसारखे तुकडे उचलतात. एक तुकडा उचलला तर खाली पांढरे पिवळे कोंब मुडपलेले, वर यायला जागा शोधत आडवे वाढलेले. नमुना नेला. सामू ८.८, सोडियमचं प्रमाण चोपण, म्हणजे सोडियम साचून बिघडलेल्या, जमिनीच्या उंबरठ्यापलीकडे. तलावाच्या मधोमध, जिथे पाणी शेवटपर्यंत आटत राहतं, तिथला गाळ काकूंच्या वाट्याला आला होता, कारण त्यांचा ट्रॅक्टर सगळ्यांत शेवटी लागला. भाड्याचे पैसे जमायला वेळ लागला म्हणून.

अकरापैकी आठ शेतं चांगली आहेत. दोन मध्यम. एक हे.

काकूंना मी सरळ सांगितलं की नमुना मी चुकीच्या जागेवरून घेतला. त्या म्हणाल्या, "मग तुमच्या कागदावर सही कशाला व्हती?" सोडियम हटवायला पंचवीस पोती जिप्सम आणलं, गाडीभाड्यासह ७,५००, माझ्या खिशातून. थर तसाच न ठेवता वखराने खालच्या मुरमात मिसळला, वर ताग टाकला आणि फुलोऱ्याआधी गाडला. पापडी फोडायला बोरीची फांदी ओढण्याची युक्ती त्यांच्या सासऱ्यांची. ती मला जुलैत माहीत असती तर निम्मं पीक तरी वाचलं असतं.

गाळ उचलणाऱ्यांसाठी : काठ, मध्य आणि सांडव्याजवळ (जादा पाणी बाहेर पडतं तिथे) अशा किमान तीन ठिकाणांहून, वरून आणि दोन फूट खालून नमुने घ्या. चिखलात जा.

२७ ऑक्टोबर

उलटं संकट. सबंध महिना परतीचा पाऊस चालू आहे, दिवाळीत बाजरीच्या कणसांना उभ्यानेच मोड आले. आमच्या गावच्या ५१२ मिलिमीटरपैकी तीनशेच्या वर गेल्या दोन महिन्यांत पडला.

चर टिकले, अडसरांसकट. ओढ्यावरचा माती नाला बांध मात्र पाणी माथ्यावरून गेल्याने तीन मीटर फुटला. सांडवा सव्वा मीटर रुंद ठेवला होता, पाणलोटाच्या क्षेत्रावरून हिशोब करून. हिशोब बरोबर होता, नकाशा जुना होता. मागच्या वर्षी वरून नवा रस्ता गेला, त्याच्या कडेची चारी शेजारच्या डोंगराचं पाणीही आमच्या ओढ्यात आणून सोडते. एकदा पावसात चालत गेले असते तर दिसलं असतं. पण पाऊस होताच कुठे आधी.

पुन्हा बांधायला ६१,०००. सांडवा आता तीन मीटर, दगडी पिचिंगसह (दगड रचून केलेलं अस्तर).

१९ जानेवारी २०२०

ही नोंद लांबणार.

ऑगस्टमध्ये ग्रामसभेने चराईबंदीचा ठराव केला होता. डोंगरावर शेळी दिसली तर ५० रुपये दंड. ठराव एकमताने झाला असं मीही लिहून ठेवलंय. ग्रामसभा सकाळी अकराला होती. सकाळी अकराला शेळ्या रानात असतात आणि शेळ्यांबरोबर त्यांच्या मालकिणी. चौदा घरांची जनावरं त्या डोंगरावर जगतात, सगळी मिळून १३०, आणि त्या चौदांपैकी एकही घर सभेला नव्हतं. एकमत झालं ते यामुळे.

पावसाळ्यात लावलेल्या ६०० रोपांपैकी काल मोजली तर १९० उरली आहेत. मावशीला, त्याच घागरवाल्या मावशीला, दोनदा दंड झाला. आज ती पारावर आली. सरपंच, ग्रामसेवक, मी, सगळे होतो.

"डोंगर बांधला," ती म्हणाली, "बरं झालं. पाणी कुणाच्या हिरीत गेलं? माझी हीर हाय का? माझं रान हाय का? मग दंड माझ्याच शेळीला का?"

नऊ विहिरींची यादी माझ्याच वहीत आहे. नऊही पायथ्याच्या काळ्या रानात. वर ज्यांचा चारा बंद झाला त्यांच्यापैकी एकाचीही नाही. मातीची खोली, मुरण्याचा वेग, सामू, सगळं मोजलं, आणि ही एक यादी दुसऱ्या यादीशेजारी ठेवून बघायची राहिली.

२ फेब्रुवारी

सभा रात्री आठला, धनगरवस्तीवर. चौदापैकी बारा घरं आली. ठरलं ते असं : डोंगराचे तीन भाग, दोन बंद, एक उघडा, दर वर्षी फिरवायचे. बंद भागातलं गवत विळ्याने कापून न्यायचा हक्क या चौदा घरांचा, फुकट आणि पहिला. दंड बंद. नऊ विहीरवाल्यांनी सुगीला प्रत्येकी दीडशे पेंढ्या कडबा या घरांना द्यायचा.

मावशी म्हणाली, "शेळी कडबा खाती का कुठं?" सगळे हसले आणि कडबाच लिहिला गेला, कारण कडबा मोजता येतो.

१४ मार्च

कडबा आला. मावशीच्या दारात पडून आहे, शेळ्यांनी पानं ओरबाडून ताटं तशीच ठेवलीत. तिने तो म्हैसवाल्याला विकला. ठराव दुरुस्त केला : कडब्याऐवजी तुरीचं भुसकट, घरामागे चार पोती. शेळ्या त्यावर तुटून पडतात म्हणे. आधी विचारलं होतं, तिने आधी सांगितलंही होतं.

३० मे

टाळेबंदी. ऊसतोडीची माणसं एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात आली, शाळेत चौदा दिवस राहिली, मग कामाला भिडली. मजुरी आता २३८. शहरातली पोरंही परतलीत. दोन वर्षांत इतके हात मला कधी मिळाले नव्हते. आणखी २,१०० मीटर चर, सगळे गिरकीने आखलेले, आडवी माती सोडलेले. मी स्वतः पाच आठवडे गावात पोचू शकले नाही. आखणी सातवीतल्या, आता आठवीतल्या, मुलीने केली, फोनवर फोटो पाठवत. एकही ओळ चुकलेली नाही.

२० जून

बाजरीत तूर, दोनास एक ओळ. वाण बीडीएन ७११, बदनापूरच्या संशोधन केंद्राचा. दीडशे-पंचावन्न दिवसांत निघतो, म्हणजे हलक्या रानातली ओल संपायच्या आत शेंगा भरतात. आधीच्या उशिरा येणाऱ्या वाणाला नोव्हेंबरात हमखास मार बसायचा. दुसरं कारण अर्थात भुसकट.

२२ नोव्हेंबर

विहिरी. ११.२ मीटरवालीत पाणी आता ३.४ मीटरवर. गावात पेढे वाटले, माझा सत्कार ठेवला, तो मी पुढे ढकलला.

कारण यंदा पाऊसच ८४६ मिलिमीटर झाला. मी सुरुवातीलाच शेजारच्या, काहीही काम न केलेल्या पाणलोटातल्या तीन विहिरी तुलनेला धरल्या होत्या. त्याही चढल्यात, सरासरी ४.९ मीटरवर आल्यात. म्हणजे आमच्या कामाच्या खात्यावर फार तर दीड मीटर मांडता येईल, बाकीचं आभाळाचं. हे मी पारावर सांगितलं. एक जण म्हणाला, "मॅडम, पेढा तरी गोड करून खा की."

खाल्ला. पण त्याच आठवड्यात रात्री बोअरची गाडी आली. महिन्यात पाच नवे बोअर, त्यातले तीन विहीरवाल्यांचेच, सगळ्यांत खोल ४८० फूट. कांदा गेल्या वर्षीच्या तिप्पट. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटरच्या, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या, पुढची विहीर खोल धरली आहे आणि तिच्यावर बंधन आहे. हा कायदा मी मोठ्याने वाचून दाखवला. गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू गेला असेल असं वाटत नाही.

७ फेब्रुवारी २०२१

जानेवारीत वीस जणांना घेऊन हिवरे बाजारला जाऊन आलो होतो. तिथे दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात, शेतीला बोअर नाही, ऊस-केळी नाही. परत येताना गाडीत मी पुरंदरच्या नायगावची पाणी पंचायत सांगितली. विलासराव साळुंख्यांनी ७२ नंतर तिथे पाणी जमिनीच्या प्रमाणात नाही, माणसी वाटलं, आणि भूमिहीनालाही हिस्सा दिला. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, "भूमिहीन पाणी घेऊन काय करणार?" मावशी पुढच्या बाकावर होती. ती मागे न बघता म्हणाली, "इकीन."

आज आमचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला, भिंतीवर, खडूने. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर म्हणजे दहा हजार लिटर, इथपासून सुरुवात करून. पाणी वर्षभर पुरेल इतका कांदा किती एकर, तो आकडा आला तेव्हा कुजबुज झाली, कारण उभा कांदा त्याच्या दुप्पट होता.

नवीन बोअर बंद : बारगळला.
ऊस नाही : मंजूर. तसाही कुणी लावत नव्हतं.
पाझर तलावातून मोटार लावायची नाही : मंजूर, दोन तास भांडून.
तलावात मत्स्यबीज सोडून उत्पन्न चौदा घरांच्या गटाला : मंजूर, आणि हे सुचवलं विहीरवाल्या अण्णांनी, ज्यांची बाजरी मी मुरमाखाली घातली होती.

भूमिहीनांना पाण्याचा हिस्सा हा विषय पटलावर आलाच नाही. मी यादीत सातवा घातला होता, पाचव्यावर सभा उठली. पहिला घालायला हवा होता.

३० सप्टेंबर

गुलाब वादळाच्या पावसात मराठवाड्यात हाहाकार झाला, आमच्याकडेही दोन दिवसांत १६० मिलिमीटर. बांध उभा. सांडव्यावरून कमरेइतकं पाणी वाहिलं, पिचिंगचे चार दगड गेले. काकूंच्या सव्वा एकरात बाजरी काढणीला आलेली आहे, मधोमध खाटेएवढं टक्कल आहे ते सोडून. ते टक्कल त्या मला दर वेळी दाखवतात.

२१ नोव्हेंबर

कड्यांची चाचणी पुन्हा, त्याच जागी, दोन वर्षं बंद असलेल्या भागात. पवना आणि मारवेल ही गवतं गुडघ्याच्या वर. झुडपांच्या खोडांना, जी शेळ्यांनी खुरटवली होती, नवे फुटवे. कडं ठोकायला घण लागला नाही, हातोडीने बसलं.

यंदा पाणी मावशीने आणलं, विहिरीवरून, न सांगता. घड्याळही तिच्याच हातात दिलं. पहिल्या दोन जागांचे आकडे तासाला २६ आणि २३ मिलिमीटर. तिसऱ्या चाचणीला चाळीस मिनिटं झाली होती, आकडा छान स्थिरावत होता, आणि मी वहीत मान घातलेली असताना एक करडू येऊन बाहेरच्या कड्यातलं पाणी प्यायलं. मग आतल्यातलंही.

तिसरं वाचन रद्द. पुन्हा भरायला मावशी खाली घागर आणायला गेली आहे.